पाच सुरांत चुकता येत नाही

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे मेथी निवडणं. म्हणजे बायको निवडत होती आणि मी गिटार वाजवत होतो. अमेरिकेत चँडलरला मुलीच्या घरामागं पॅटिओत, म्हणजे फरशीच्या अंगणात, खुर्च्या टाकून बसलो होतो. ऊन उतरलं होतं. इथलं ऊन थंडीत चांगलं, बाकी आठ महिने शिव्या घालाव्या असं. तिच्या मांडीवर परात होती आणि ती भूप गात होती. शब्द नाहीत, नुसतं आऽ आऽ. मी मागून तेच पाच सूर वाजवत होतो.

मधेच ती थांबली. मी वाजवतच राहिलो.

“अहो, जरा थांबा की.”

“का? चुकलो?”

“चुकला नाहीत. मी थांबले की तुम्हीही थांबा.”

“तू थांबलीस तर मी भरून काढतो. यात चुकताच येत नाही, माहितेय ना?”

“माहितेय हो,” ती म्हणाली. “रोज सांगता.” आणि परत काड्या मोडायला लागली.

त्या रात्री झोपेत ती गेली. दोन महिने झाले. मुलगी म्हणते, आईला काही त्रास झाला नाही, बाबा. असेल. पण संध्याकाळी तिला दम लागत होता, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं की नव्हतं, एवढंच मला ठरवायचं आहे. म्हणून लिहायला बसलो. लिहिण्याची सवय नाही. शाळा सातवीपर्यंत, तीही रडतखडत. नंतर सगळं आयुष्य अमरावतीला एसटीच्या वर्कशॉपात फिटर म्हणून गेलं. घणाच्या आवाजात कान गेले ते गेलेच.

ती मात्र गाणारी होती. लग्नाआधी पेटी शिकलेली, पुढं भजनी मंडळात तिच्याशिवाय पान हलायचं नाही. मी एकदा हौसेनं टाळ घेऊन बसलो तर दुसऱ्याच अभंगाला मला म्हणाली, “तुम्ही प्रसाद वाटा ना.” तेव्हापासून मी प्रसाद वाटला. तीस-पस्तीस वर्षं वाटला. ती गायला बसली की मी कुठंतरी दाराशी. मला वाईट वाटायचं असं नाही, पण चांगलंही वाटायचं नाही.

इथं मुलीकडं आल्यावर दिवस खायला उठायचा. गाडी येत नाही, इंग्रजी येत नाही. जावयाची एक गिटार गॅरेजमध्ये पडून होती, त्यानं कॉलेजात हौस केली न् सोडली. आणि लायब्ररीत म्हाताऱ्यांसाठी फुकट क्लास निघाला. मुलगी म्हणाली, “बाबा, जस्ट ट्राय करा.” मी म्हटलं, मला प्रसाद वाटायला ठेवतील. पण गेलो.

शिकवणारा एक गोरा म्हातारा, आयुष्यभर ट्रक चालवलेला. त्याचीही बोटं माझ्यासारखीच, जाड न् फुटलेली. त्यानं पहिल्याच दिवशी गिटारच्या मानेवर एक चौकोन दाखवला. प्रत्येक तारेवर दोन जागा, सहा तारांवर बारा. बॉक्स म्हणायचा त्याला. सूर पाचच, तेच फिरून येतात. म्हणाला, या बॉक्समध्ये बोट कुठंही ठेवा, वाईट वाजणारच नाही. मला अर्धंच कळलं, पण वाजवून बघितलं तर खरंच. सरळ जा, उलटं जा, उडी मारा, कानाला बोचत नाही. बाजूला एक चर्चमधली गाणी वाजवणारी बाई होती, एक दांडगा रॉकवाला होता. दोघंही त्याच बॉक्समध्ये खूश. गिटारवाले या पाच सुरांवर जीव का टाकतात ते मला त्या दिवशी कळलं. नापास व्हायची सोयच नाही अशी शाळा मला पहिल्यांदा भेटली.

घरी येऊन सांगितलं, “आज पेंटॅटॉनिक शिकलो.”

ती म्हणाली, “कसलं टॉनिक? डॉक्टरला विचारल्याशिवाय काही घेऊ नका.”

मुलगी हसून हसून खाली बसली. पुढं घरात त्याचं नावच टॉनिक पडलं. सकाळी चहाला बायको विचारायची, “टॉनिक घेतलंत का आज?”

पण मी वाजवून दाखवलं तेव्हा ती हसली नाही. मान एका बाजूला करून ऐकलं. म्हणाली, “अहो, हा तर भूप. सा रे ग प ध. म आणि नी वर्ज्य. फक्त तुम्ही धैवतावर घर केलंय.” मला कळेना. तिनं माझी करंगळी धरली, जाड तारेवर दाबली आणि म्हणाली, “हा तुमचा सा. इथून निघा, इथं परत या.” सूर तेच, बोटं तीच, पण घर बदललं तर सगळं बदललं. आणि ती गायला लागली. मी वाजवत होतो आणि ती गात होती आणि तिनं मला प्रसाद वाटायला पाठवलं नाही.

मग रोजचंच झालं. त्या बॉक्सची आणखी एक गंमत अशी की तो आहे तसा उचलून खाली-वर सरकवता येतो. तिचा आवाज जिथं लागेल तिथं मी तो न्यायचा. सुरुवातीला गिटारच्या मानेवरच्या पाचव्या पडद्यावर होतो. दिवाळीच्या सुमारास म्हणाली, “जरा खाली घ्या, वरचा सा पोचत नाही.” मी दोन पडदे खाली घेतला. नंतर आणखी एक. मला त्यात माझी हुशारी वाटायची. बायकोसाठी पट्टी बदलता येते म्हणून क्लासमध्ये मिरवलोसुद्धा. आवाज खाली का जातोय हे एकदाही विचारलं नाही.

आणि थांबणं. तेही एकदम सुरू झालं नव्हतं. आधी ओळीच्या शेवटी थांबायची, मग मधे, मग दोन-दोन सुरांनी. गाणारी माणसं श्वास घेतात, मला वाटलं तसंच असेल. खरं सांगायचं तर तेवढाही विचार केला नाही. ती थांबली की मला जागा मिळायची. पाच सुरांत चुकायचं भय नाही, मग माणूस ऐकणं सोडतो. मी सोडलं. तिच्या श्वासाच्या जागा मी वाजवून वाजवून बुजवल्या.

त्या संध्याकाळीही तेच. मेथी झाली, तिनं परात उचलली, दाराशी जरा टेकली. मी म्हटलं, “काय झालं?” म्हणाली, “काही नाही, पाय भरलेत.” रात्री भाजी तिनंच केली.

सकाळी ती उठली नाही. हात लावला तेव्हा कळलं. मुलीला हाक मारली. तिनं फोन केला, अँब्युलन्स आली, मागून एक पोलीस बाई आली. इथं घरात माणूस गेलं की येतात, विचारपूस करायला. हॉलमध्ये ती विचारायची आणि मुलगी मला मराठीत सांगायची. औषधं कुठली? रात्री काय खाल्लं? मग विचारलं, काल छातीत दुखणं, दम लागणं, असं काही होतं का?

मी म्हणालो, “नाही.”

मुलीनं नो म्हणून सांगितलं. बाईनं लिहून घेतलं आणि बाहेर आपल्या गाडीकडं गेली.

मी आत तिच्याजवळ बसलो. दोन मिनिटं बसलो असेन. मग उठलो आणि तसाच अनवाणी बाहेर गेलो. इथं अंगणात गवत नसतं, खडी असते. गाडीची काच वाजवली.

“मॅडम. राँग. राईट अगेन.” परत लिहा, असं मला म्हणायचं होतं.

ती काच खाली करून बघत राहिली. मी छातीवर हात ठेवला. “माय वाइफ. सिंगिंग. स्टॉप, स्टॉप. आय नो स्टॉप.” तिला काही कळेना. तोवर मुलगी माझ्या चपला घेऊन धावत आली.

“बाबा, काय करताय? आत चला ना, प्लीज.”

“हिला सांग, काल आईला दम लागत होता. गाताना दर दोन सुरांना थांबत होती. मला थांबा म्हणाली. मी वाजवत राहिलो.”

“बाबा, आता ते लिहून काय होणारे?”

“लिहू दे तिला.”

तिनं डोळे पुसले आणि वाकून इंग्रजीत सांगितलं. बाईनं वही परत उघडली, मघाची ओळ खोडली आणि लिहायला लागली. तिचं लिहून होईपर्यंत मी गाडीपाशीच उभा राहिलो.