एका मात्रेची तबकडी

मनापासून राग यावा अशी माणसं माझ्या आयुष्यात दोनच. एक मुंबईच्या मोठ्या रेकॉर्ड कंपनीचा साहेब आणि दुसरे आमचे अण्णा, ठाण्याचे तबलजी. दोघेही आता हयात नाहीत. म्हणून माझा राग कमी झाला असेल असं कुणी समजू नये. रोज सकाळी चहाबरोबर मी तो थोडा थोडा घेतो. मला मानवतो.

पन्नास सालानंतरची गोष्ट. मी तेव्हा कल्याणच्या एका गायिकाबाईंना पेटीची साथ करायचो. बाई पन्नाशीच्या, आवाज भरदार आणि स्वभाव त्याहून. पण गावोगाव एकच बोलवा: बाई गातात सुंदर, तालात मात्र कच्च्या. कंपनीच्या साहेबानं तर गाणं ऐकलंसुद्धा नाही. दारातच म्हणाला, "तुमच्याबद्दल कळलंय आम्हाला. ताल सांभाळत नाही म्हणे." बाई वळून जिना उतरल्या. त्यांच्या वाट्याच्या शिव्या मी स्टेशनापर्यंत दिल्या, आणि चांगल्या खणखणीत दिल्या.

ही बोलवा उठवली कोणी? अण्णांनी! प्रत्येक मैफलीनंतर पानाला चुना लावत म्हणायचे, "आज पुन्हा घसरल्या बाई. पण आपण घेतलं सांभाळून." गाणाऱ्याची चूक साथीदारानं झाकावी, ही आमच्यातली रीतच. पण हे गृहस्थ झाकायचे मैफलीत आणि उघडून दाखवायचे चार लोकांत!

"आपणच काढू कंपनी," बाई एके दिवशी म्हणाल्या. "मी, तू आणि अण्णा."

"अण्णा? अहो बाई, तुमचं नाव ज्यांनी घालवलं ते?"

"तेच हवेत."

मी चरफडत मान डोलावली. साहेब नको म्हणून काढलेली कंपनी, त्यामुळे नियम एकच ठेवला: तिघांचीही संमती असल्याशिवाय तबकडी बाहेर जाणार नाही.

कल्याणला इंजिनं सारखी शिट्ट्या फुंकायची, म्हणून ध्वनिमुद्रणाला डोंबिवली निवडली. स्टेशन सोडलं की तिथे तेव्हा सगळी भातशेती. एका स्नेह्याच्या माडीवर खिडक्यांना गाद्या लावल्या आणि मुंबईहून टेपचं यंत्र घेऊन एक जण आला.

बाईंनी तीनतालातली बंदिश धरली. सोळा मात्रांचं आवर्तन फिरून पहिल्या मात्रेवर येतं ती सम. गाणं आणि तबला तिथे भेटतात आणि लोक 'वा' म्हणतात. तिसऱ्या मिनिटाच्या सुमारास बाईंनी गंमत केली. समेवरचा शब्द मुद्दाम एक मात्रा आधी टाकला, जणू सम आलीच, आणि स्वतःचा हिशेब न सोडता पुढे निघाल्या. अण्णांना वाटलं, घसरल्या! त्यांनी घाईघाईनं एक मात्रा गिळली, समेचा 'धा' मारला आणि झाकपाक करायला मोठ्यानं ओरडले, "वा, बाई!" पुढच्या आवर्तनात एक मात्रा गुपचूप वाढवून जागेवर आले.

टेप परत लावली. मी बोटांवर मात्रा मोजत होतो. तो 'वा' आला तेव्हा माझी पंधरावी मात्रा संपत होती! यंत्रवाल्यानं विचारलं, "पुन्हा घ्यायचं का?"

"नको," बाई म्हणाल्या. "छान झालंय."

अण्णा ताडकन उठले. "ही तबकडी निघणार नाही. माझी संमती नाही!"

"का हो अण्णा?"

"का म्हणजे? बरोबर नाही ते."

"काय बरोबर नाही? तुमचा 'वा' समेवर असेल तर मी बेताल ठरते. माझी काही हरकत नाही, ऐकू दे जगाला. आणि समेवर नसेल, तर तसं म्हणा इथे, या पेटीवाल्यासमोर. मी आत्ता पुन्हा गाते."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं, यंत्राकडे पाहिलं. "अहो पेटीवाले, बोला की काहीतरी!" मला म्हणाले.

"मी काय बोलू? तुम्ही नेहमी सांभाळून घेताच!"

त्यांनी डग्गा गवसणीत कोंबला. "काढा हवी ती," म्हणाले आणि जिना दणादणा उतरले.

तबकडी निघाली. ज्यांना मोजता येत होतं त्यांनी मोजलं आणि ठाण्यापासून टिटवाळ्यापर्यंत बातमी गेली. त्यानंतर बाईंच्या साथीला बसणारा प्रत्येक तबलजी श्रोत्यांकडे पाहायचं सोडून बाईंच्या ताल मोजणाऱ्या हाताकडे पाहू लागला.

आणि मोठ्या कंपनीचं बोलावणं आलं. कुणाला? अण्णांना! कायमच्या नोकरीवर. साहेबाला त्यांचा तो 'वा' म्हणे फार रसिक वाटला. मी तडक बाईंकडे गेलो. त्या तांदूळ निवडत होत्या. ऐकलं आणि इतक्या हसल्या की सूप बाजूला ठेवावं लागलं.

"हसता काय? तुमची जागा होती ती!"

"अरे, मला कुठे जागा हवी होती? लोकांनी मोजावं एवढंच हवं होतं. ते झालं. बस, चहा टाकते."

मी बसलो नाही.