उन्हाच्या पंपावरचा मांडव

सत्तरचं दशक सरत आलं होतं. मला सहावा महिना होता आणि वैशाखात विहिरीचं पाणी पार तळाला गेलं होतं. दोर ओढताना पोटात अशी कळ यायची की मी घाबरून जागीच बसायचे. अशात एके दिवशी अनसिंगकडून जीपमधून माणसं आली आणि विहिरीच्या काठावर काचेच्या पाट्या लावून उन्हावर चालणारा पंप बसवून गेली. दुपारी नळीतून पाणी पडलं. उद्या साहेब बघायला येणार, पंप चालला तर इथं राहील, नाही तर दुसऱ्या गावाला जाईल, असं सांगून जीप गेली. मला झोप कसली लागते!

सकाळी विहिरीवर जाऊन पाहते तर पुरुषांनी पाट्यांवर चांगला दाट मांडव घातलेला. पळसाचे डहाळे, आंब्याचं तोरण, सगळं साग्रसंगीत. आमच्या गावात मांडवाशिवाय शुभकार्य म्हणजे नाक कापलं गेलं. पुढाकार अर्थातच माझ्या सासऱ्यांचा, म्हणजे मामाजींचा. आणि पंप ढिम्म.

"काल तं चालला, आज काहून नाही चालून राह्यला?"

"नारळ फोडा."

नारळ फुटला. काही नाही.

माझा जीव नुसता खालीवर होत होता. एवढी साधी गोष्ट या शहाण्यांच्या डोक्यात कशी शिरत नाही! पण सासऱ्यांसमोर सुनेनं तोंड उघडायचं नाही, ही घरची रीत. लग्न झाल्यापासून आम्ही एकमेकांशी एक शब्द बोललो नव्हतो. शेजारी उभ्या सासूच्या कानाशी लागले. "मामाजीले सांगा ना, सावलीनं बंद हाय थो."

"गप राह्य. माणसायचं काम हाय थे."

तेवढ्यात रस्त्यावर धूळ दिसली. जीप! मग मात्र माझं डोकं फिरलं. डहाळे तोडायला आणलेला विळा तिथंच पडला होता. पदर दातात धरला, विळा उचलला आणि एका कोपऱ्याची दोरी कापून डहाळे खसाखसा ओढून काढले. पाट्यांवर निम्मं ऊन आलं. आता शिव्या पडणार म्हणून मी मान खाली घातली.

नळी खोकली. करंगळीएवढी धार सुरू झाली.

"सूनबाई," मागून सासऱ्यांचा आवाज आला, "तिकडची बी दोरी काप. लवकर."