आबांनी वाचलेली पॉलिसी

अख्ख्या खानदेशात माझ्या मावससासऱ्यांइतकं अभद्र बोलणारा माणूस दुसरा नसेल, आणि इतका भला माणूसही नसेल. आम्ही सगळे त्यांना आबा म्हणतो. विमा कंपनीत नुकसानीचे दावे तपासण्यात त्यांची उभी नोकरी गेली, त्यामुळे जगातली प्रत्येक वस्तू त्यांना जळालेली, भिजलेली किंवा चोरीला गेलेलीच दिसायची. वास्तुशांतीला गेले की लोक देवघर बघायचे आणि आबा मीटरची वायर. धुळ्याला माझ्या नणंदेच्या लग्नात ऐन अक्षता पडताना ते मांडवामागे आचाऱ्याला सिलिंडर लांब ठेवायला सांगत होते. पंगतीत मुलाच्या आईने आग्रहाने जिलेबी वाढली, तर म्हणाले, "छान आहे हो. पण मांडव पेटला तर बायका कुठून बाहेर पडणार?" त्या माउलीच्या हातातलं ताट तसंच राहिलं.

मी पिंप्राळ्यात केळीच्या वेफर्सचा छोटा कारखाना काढला. पत्र्याची शेड, दोन कढया, काप करायचं यंत्र आणि कामाला चार बायका. विम्याचा एजंट आला आणि त्याने मोबाइलवर एक पॅकेज दाखवलं. आग, चोरी, पूर, यंत्र मोडलं तर, पाटी पडली तर, काचा फुटल्या तर, काही म्हणून राहिलं नव्हतं. मी सही करणार, तेवढ्यात आबा म्हणाले, "थांब बेटा. आधी वाचू." मग तीन दिवस शेडमध्ये खुर्ची टाकून ते पॉलिसीचा मसुदा मोठ्याने वाचत बसले आणि बायका केळी सोलता सोलता पोथी ऐकावी तशा ऐकत राहिल्या. पुराचं कलम आलं तेव्हा कढईवरच्या सुमनताईंनी विचारलं, "आबा, पूरमा केळा वाही ग्यात तर?" आबा खूश! "बघ, हा प्रश्न तुला नाही पडला," मला म्हणाले.

तिसऱ्या दिवशी शेवटचं पान संपलं. आबांनी चष्मा काढला. "बठ्ठं लिखेल शे," म्हणजे सगळं लिहिलंय, असं ते म्हणाले, "पण सुमन कोठे शे?"

मला कळेना. सुमनताई तर समोरच उभ्या होत्या.

"कढई खराब झाली तर भरपाई आहे. कढईपाशी उभ्या असलेल्या बाईला काही झालं तर?"

कामगारांच्या अपघाताचा विमा वेगळा घ्यावा लागणार होता. हप्ता वाढेल म्हणून मी कुरकुरले. "मग काचा काढून टाक," आबा म्हणाले. "तुझ्या शेडला काच आहेच कुठे? एक खिडकी, तीही जाळीची." एजंट हसला, मीही हसले. काचा आणि पाटी गेली, चार बायकांची नावं आली.

पुढच्या श्रावणात उपासामुळे मागणी दुप्पट झाली. त्या घाईत एक ओला झारा तेलात गेला आणि उसळलेलं तेल सुमनताईंच्या उजव्या हातावर आलं. मी त्यांना रिक्षात घालून दवाखान्यात निघाले. वाटेत त्यांनी विचारलं ते एवढंच, "ताई, मनं काम जाई का?"

थोड्याच वेळात आबा तिथे हजर. आयुष्यात पहिल्यांदाच ते काही अभद्र बोलले नाहीत. सुमनताईंच्या शेजारी बसून म्हणाले, "हात बरा होई. काम कुठेच जात नाही." मग एकेक फॉर्म त्यांनी स्वतः भरला. दवाखान्याचा खर्च आणि घरी बसलेल्या दिवसांची मजुरी, दोन्ही विम्यातून मिळालं. दिवाळीच्या आत सुमनताई परत कढईवर उभ्या राहिल्या. हातावर डाग आहे, पण मूठ घट्ट मिटते.

त्या कामावर परतल्या त्या दिवशी मी आबांच्या घरी पाया पडायला गेले. बोलता बोलता विचारलं, "आबा, तुमचा स्वतःचा विमा कोणता?"

"तुझी मावशी होती तोवर सगळे हप्ते भरले," ते म्हणाले. "आता कोणासाठी?"

मी उठून दोघांसाठी चहा टाकला. मी गॅस बंद केल्यावर आबा आत आले, शेगडीची नळी हाताने चाचपून पाहिली आणि कप उचलत हळूच म्हणाले, "रविवारी येत जा."

आता दर रविवारी मी जाते.