मुठीतला शिरा

बागेत रोज माझ्यापुढे चालणारे देशमुखकाका आज एकच हात हलवत होते. उजव्या हाताची मूठ छातीशी घट्ट. काय झालं म्हणून विचारलं, तर त्यांनी मूठ उघडून दाखवली. आत शिरा होता, सत्यनारायणाचा प्रसाद. शेजारच्या वहिनींनी फाटकातच हातावर ठेवलेला.

"साखर पूर्ण बंद आहे हो मला. नातीला शब्द दिलाय, डॉक्टरांनी सांगितलंय तसंच तंतोतंत करीन म्हणून. पण प्रसाद टाकू कसा?"

घेतलेला नेम मोडू नये, असं आईनं शिकवलं. प्रसादाला नाही म्हणू नये, हेही तिनंच. दोन्ही एकदम समोर आले तर काय करायचं, ते मी कधी विचारलंच नाही. उपासाला साबुदाणा चालवून घेणारी माणसं आपण. मग या नव्या पथ्यापुढेच इतके का घाबरतो?

"तुम्ही घ्या," म्हणत काकांनी शिरा माझ्या हातावर ठेवला आणि दोन्ही हात हलवत ते झपाझप पुढे गेले.

साखर मलाही बंद आहे, हे सांगायला हवं होतं. आता मूठ छातीशी धरून मी चालतोय, आणि समोरून कोणी ओळखीचं येतंय का ते बघतोय.