अण्णानं न मारलेला शिक्का

वहिनीचा फोन आला तेव्हा मी कोथिंबीर निवडत बसले होते. "सुधा, गेले गं हे," ती म्हणाली, आणि मग, "शेवटपर्यंत हो म्हणाले नाहीत..." शेवटचा श्वास घेणाऱ्या माणसाकडून कसला 'हो' हवा होता, असं दुसऱ्या कुणीही विचारलं असतं. मी विचारलं नाही, कारण मला ठाऊक होतं. अण्णा, म्हणजे माझा थोरला भाऊ, जाऊन आता दीड महिना होत आला. नातेवाइकांत कुजबुज अजून चालूच आहे. कुणी म्हणतं शैलानं, म्हणजे वहिनीनं, नवऱ्याला बाटवलं, कुणी म्हणतं बाटवायलाच निघाली होती, देवीनं वाचवलं. दोन्ही साफ खोटं आहे. अण्णाला खोट्याची भारी चीड होती, म्हणून हे लिहायला बसले.

आमचं घराणं बंगळुरात इतकं जुनं, की मराठी बोलता बोलता कन्नड कधी शिरतं ते आम्हालाही कळत नाही. अण्णा इथल्या घड्याळांच्या कारखान्यात तपासणीला होता. तयार घड्याळ उताणं ठेवायचं, पालथं ठेवायचं, उभं धरायचं, आणि प्रत्येक वेळी नीट चालतंय अशी खात्री झाली की मगच शिक्का मारायचा. महिनाअखेर आली की साहेब थोडं चालवून घ्या म्हणून मागे लागायचे, "स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी, अण्णा." अ‍ॅडजस्ट करणाऱ्यातला अण्णा नव्हता. पुढं कारखाना बंद पडला, पण त्याची खोड काही गेली नाही. आमच्याकडं मोठा प्रश्न पडला की देवीला कौल लावायची रीत आहे. मूर्तीला फुलं चिकटवायची, उजवं फूल आधी पडलं की देवीचा होकार. माझ्या लग्नाच्या वेळी उजवं फूल पडलं, घरात पेढे वाटले गेले, आणि हा पठ्ठ्या दुसऱ्या दिवशी मुलाच्या ऑफिसात चौकशीला हजर! वडील संतापले, तर म्हणाला, "फूल पंख्याच्या वाऱ्यानंही पडतं."

निखिल हा त्याचा एकुलता एक मुलगा. मारतहळ्ळीला एका कंपनीत नोकरीला होता. ऑफिसातून परतताना रिंग रोडवर पाण्याच्या टँकरनं त्याची मोटरसायकल चिरडली. ओळख पटवायला अण्णा एकटा शवागारात गेला आणि बाहेर येऊन वहिनीला म्हणाला, "तू नको बघूस." त्यानंतर देवनहळ्ळीला विमानतळाजवळच्या लेआउट-वसाहतीतल्या त्यांच्या घरात पाय ठेवायला मला भीती वाटायची. वरून विमानं घरघरत जायची, खाली ही दोघं दोन खोल्यांत बसलेली, आणि जेवणाच्या टेबलावर तीन ताटं. तिसरं ताट उचलायचं धाडस दोघांतही नव्हतं.

शेजारची एक बाई मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या प्रार्थनेला जायची. वहिनी एका रविवारी तिच्याबरोबर गेली, पुन्हा गेली, आणि मग तिच्याच बोलावण्यावरून त्यांचे दोन प्रचारक घरी आले. पांढरे शर्ट, टाय, छातीवर नावाची काळी पट्टी. मिसरूड नुकतं फुटलेलं, आणि पट्टीवर हुद्दा 'एल्डर', म्हणजे वडीलधारी! मला हसू आवरेना. पण ते जे म्हणाले त्यानं माझं हसू मावळलं. आमच्या श्रद्धेप्रमाणे कुटुंब मरणानं तुटत नाही, ते म्हणाले. मंदिरात विधी झाला की नवरा-बायको आणि मुलं कायमची एकमेकांची. वहिनी पदर तोंडाला लावून रडू लागली. त्यातला एक पुढं म्हणाला, "आम्ही सांगतो म्हणून मानू नका. आमचा ग्रंथ वाचा, मग देवालाच विचारा, हे खरं आहे का. उत्तर तुमच्या मनात येईल." हे ऐकल्यावर अण्णा खुर्चीत सरसावून बसला. देवाधर्मातलं कुणीतरी त्याला जन्मात पहिल्यांदाच 'तपासून घ्या' म्हणत होतं.

वहिनीला उत्तर लगेच आलं. छातीत ऊब भरून आली, ती म्हणाली, निखिल तान्हा असताना कुशीत झोपायचा तशी. ती पाण्यात बुडी घेऊन, म्हणजे बाप्तिस्मा घेऊन, त्यांच्यातली झाली, आणि त्याच आठवड्यात तिनं तिसरं ताट उचलून ठेवलं. अण्णानं ग्रंथ पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, पुन्हा वाचला. गुडघ्यांवर बसून विचारलं, चालता चालता विचारलं, उपास करून विचारलं. काही आलं नाही. तपासायचं तर त्यांच्या अटी पाळून तपासायचं, म्हणून त्यानं कॉफी सोडली. त्यांच्यात चहा-कॉफी चालत नाही. डिकॉक्शनच्या वासाशिवाय ज्याचे डोळे उघडत नसत त्या माणसानं आईचा पितळी फिल्टर स्वतः घासून फडताळात ठेवून दिला. मला तर वेडच लागायची पाळी आली.

"अण्णा, तुला पटलंय का हे?" मी एकदा सरळच विचारलं.

"पटलं असतं तर नाचलो असतो."

"मग नाही पटलं म्हण आणि कॉफी पी की!"

"तेही म्हणवत नाही गं. निखिल आहे त्यात..." तो म्हणाला. "निकाल लागू दे."

वहिनी समजावायची, "अहो, कौलच की हा. आपल्या देवीचा असायचा तसाच." त्यावर अण्णा म्हणायचा, "कौलात फूल तरी दिसतं, शैला."

मग पोटाचं दुखणं निघालं. स्वादुपिंडाचा कॅन्सर, आणि डॉक्टरांनी हात टेकलेले. अण्णा बघता बघता हाडांचा सापळा झाला. हॉस्पिटलात एका दुपारी मी खोलीत शिरले, तर वहिनी त्याचे पाय धरून बसली होती. "नुसतं हो म्हणा," ती म्हणत होती. "खरं वाटतं एवढंच म्हणा. आपण तिघं एकत्र राहू हो... मी तिथं निखिलला काय सांगू?" मला तेव्हा तिचा भयंकर राग आला. मरणाऱ्या माणसाला असं कुणी पेचात धरतं? आणि पुढच्याच क्षणी अण्णाचाही आला. एक शब्द तर होता, दिला असता तर काय झिजला असता? अण्णा म्हणाला, "शैला, माझ्याकडं असेल ते सगळं तुझं आहे. हे माझ्याकडं नाहीच, तर देऊ कुठून?" मग दोघंही रडली, आणि मी खिडकीकडं तोंड करून उभी राहिले.

त्या दुपारच्या आदल्याच दिवशी मी थर्मासमधून कॉफी नेली होती. म्हटलं, आता कसले नेम आणि कसल्या अटी. झाकण उघडल्यावर त्यानं डोळे मिटले आणि वास घेतला, पोटभर घेतला. मग थर्मास माझ्याकडं सरकवला. "अजून विचारतोय मी," एवढंच म्हणाला. शेवटपर्यंत तो विचारतच होता. उत्तर आलं की नाही हे कुणालाच कळलं नाही, आणि जाणाऱ्याच्या तोंडावर समाधान वगैरे होतं असं म्हणतात, तसलं काही मला तरी दिसलं नाही. दमलेला दिसत होता. दहन आमच्या रीतीनं झालं. वहिनीच्या प्रार्थनेची माणसं मागं गप्प उभी होती, आणि संध्याकाळी सगळ्यांचं जेवण त्यांनीच आणलं, हेही कुजबुजणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं.

परवा मी अण्णाचे कपडे आवरायला देवनहळ्ळीला गेले होते. वहिनी शांत होती. शहरात त्यांचं मंदिर बांधलं जातंय. वर्ष झालं की अण्णाच्या वतीनं दुसरं कुणीतरी तिथं पाण्यात उतरून बाप्तिस्मा घेईल, असं ती सांगत होती. "पण त्यांच्यावर सक्ती नाही हं," ती म्हणाली. "पलीकडं हे स्वतः ठरवतील. हो म्हणायचं की नाही, ते त्यांचं त्यांनी." मनात आलं, तिथंही हा उताणं, पालथं करून बघत बसणार. पाण्याचा पेला घ्यायला फडताळ उघडलं, तर समोर आईचा फिल्टर. चिंच लावून घासलेला, लखलखीत. या घरात आता कॉफीची पूडसुद्धा नाही.

"हा का घासून ठेवलास, वहिनी?" मी विचारलं.

तिनं फिल्टर माझ्या हातातून घेतला, झाकण नीट बसवलं. "ते नाही म्हणाले तर?" ती म्हणाली. "मग कॉफी लागेल की त्यांना..." आणि तिनं तो पुन्हा जागेवर ठेवून दिला.