इनडोअर म्हणजे कॅरम

मीरा, ओंकार,

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही — तुमच्या आजोबांनाही नाही. आजही सांगितलं नसतं. पण तुम्ही दोघं आठवडाभर फोनवर माझं डोकं खाताय. मीराने इनडोअर अजिंक्यपदाला धावावं की सोडून द्यावं? मीरा म्हणते तारखा गैरसोयीच्या आहेत, मैदानी मोसमावर लक्ष द्यायचंय; ओंकार म्हणतो हा पळपुटेपणा — आणि निवाडा आजीने करायचा! अरे, विचारायला मीच सापडले?

बाभुळगावला मी मुख्याध्यापिका असताना शाळेत शबाना होती. तिचे अब्बा ट्रॅक्टर दुरुस्त करायचे. कापसाने सगळ्यांचंच कंबरडं मोडलेलं, त्यामुळे गॅरेज रिकामं. पोरगी मात्र चारशे मीटरमध्ये राज्यात पहिली. त्या हिवाळ्यात दिल्लीहून एका प्रशिक्षकाचा शाळेत फोन आला. इंग्रजीत — म्हणून माझ्याकडे. तिला इनडोअर स्पर्धेला, म्हणजे छताखालच्या ट्रॅकवर धावायला पाठवा, चांगली धावली तर इथेच ठेवून घेतो, राहणं-खाणं आमच्याकडे.

तारखा ऐकल्या आणि माझं डोकंच फिरलं. नेमकं स्नेहसंमेलन! मशाल घेऊन मैदानाला फेरी शबानाच मारणार होती. पाहुणे ठरलेले, मांडव ठरलेला, वेळापत्रक मी स्वतः आखलेलं. त्या वर्षांत गावात एक गोष्ट धड वेळेवर होत नव्हती. निदान माझं संमेलन तरी — जाऊ दे. ही सबब नाही.

मी त्या प्रशिक्षकांना सांगितलं, ती इनडोअर सोडतेय, तिला मैदानी मोसमावर लक्ष द्यायचंय. मीरा, तुझंच वाक्य! त्यांना ते पटलंही — मोठे धावपटू असंच करतात, म्हणाले. पण तू स्वतः ठरवते आहेस. तिला कुणी विचारलं होतं?

एवढ्यावर थांबले असते तर? पण फोन आल्याचं शिपायाकडून तिच्या घरी कळलं. दुसऱ्या दिवशी अब्बा लेकीला घेऊन ऑफिसच्या दारात, हातांना ग्रीस तसंच. "मॅडम, ये इनडोअर क्या रहता?"

आणि मी — इंग्रजीची एम.ए. — काय सांगितलं? कॅरम. बुद्धिबळ. आपल्या शाळेत इनडोअर म्हणजे तेच असायचं ना? त्यांना लगेच पटलं. शबाना तर हसत सुटली, "मॅडम, मले तं गोटीबी धड मारता येत नाई! कायले बलावून राह्यले मले?"

संमेलन वेळेवर पार पडलं. मशाल छान दिसली. दिल्लीहून पुन्हा फोन आला नाही. पुढच्या वर्षी तिचं लग्न झालं, उमरखेडला.

मागच्या वर्षी तिच्या घरी गेले होते. मुलं कॅरम खेळत होती. दिल्लीवाल्यांनी अम्मीला याच्यासाठी बोलावलं होतं, असं तिची धाकटी मला सांगू लागली, आणि शबाना चहा गाळता गाळता हसत होती. तिला खरं कधी कळलं का? मी विचारलं नाही. बोलायची तीच वेळ होती — आणि मी बिस्कीट उचललं.

तेव्हा मीरा, तू धाव नाहीतर सोड. मला विचारू नकोस. शबानाच्या घरी कॅरमला आजही 'मॅडमचं इनडोअर' म्हणतात.