काकांचा वानप्रस्थ आणि काकूचं कोपर

जगात घरदार सोडून गेलेले पुष्कळ झाले असतील. पण दिवसभर निरोप घेऊन रात्री जेवायला घरीच परतलेला वानप्रस्थी आमच्या काकांखेरीज दुसरा झाला नसेल. कचेरीतली चाकरी संपली त्याच दिवशी त्यांनी जाहीर केलं, की ठाणं आता माणसांनी राहण्याजोगं उरलेलं नाही. आगगाडी आली, तिच्यामागून रस्त्यात कंदील आले, आणि कंदिलांखाली चकाट्या पिटणारे आले. "मी येऊरच्या डोंगरात झोपडी बांधून राहणार," म्हणून ते आळीत निरोप घ्यायला निघाले. एका ओसरीवर पान झालं, दुसऱ्या ओसरीवर वाद झाला, तिसऱ्या ओसरीवर डोळा लागला, आणि दिवस मावळला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. शेवटी काका दिसताच लोक "अजून इथंच?" म्हणत दारं लोटून घेऊ लागले, तेव्हा कुठे छकडा हलला.

काकू मात्र हलली नाही. तिचं भांडण ठाण्याशी नव्हतंच, चुलीशी होतं. काकू डावखुरी. वाढायची उजव्या हाताने, पण ढवळायची डाव्या. आणि चूल अगदी डाव्या भिंतीला खेटून. आमटीत डाव फिरला की कोपर भिंतीवर! "आई गं" ऐकू आलं, की काकूच्या तोंडाचा पट्टा सुरू झालाच म्हणून समजावं. काकांचं उत्तर ठरलेलं: "आईने मांडलेली चूल आहे. हलायची नाही." आळीतले लोक त्या भांडणावर आंघोळीची वेळ धरत. "इथं जन्मभर कोपर फोडून घेतलं, आता डोंगरावर फोडायला नाही यायची मी," असं काकूने ठणकावलं. पण डाळ, मीठ, तिखट मडक्यांत भरून, तोंडं फडक्यांनी बांधून छकड्यात ठेवली तीही तिनेच.

मी पोचवायला गेलो, तर रानातही काकांची पगडी डोक्यावरून उतरली नव्हती. ती एका वानराने उतरवली आणि स्वतःच्या डोक्यावर चढवून तो सागाच्या फांदीवर जाऊन बसला. मी खाली धोंडा शोधतोय, तर काका हात जोडून उभे! "अहो, उतरता का जरा खाली?" मी म्हटलं, "काका, वानर आहे तो!" तर म्हणाले, "असू दे. पगडीवाल्याला अरेतुरे करायची जिभेला सवय नाही रे."

काकांच्या झोपडीजवळच्या पाड्यावरची एक मोळीवाली रोज ठाण्याला लाकडं विकायला येई. तिच्या तोंडी नवराबायकोचं भांडण अखंड चालू राहिलं. ती काकूच्या दारात मोळी टाकून, कमरेवर हात ठेवून, हुबेहूब काकांच्या आवाजात गरजे, "म्हाताऱ्यानं सांगितलाय, आमटी झकास होते, कुणावाचून काय अडत नाय!" काकू म्हणे, "मीठ घातलं होतं का, विचार." दुसऱ्या दिवशी उत्तर येई, "म्हाताऱ्यानं सांगितलाय, आमटी झकास झाली. आणि मीठ कंच्या मडक्यात हाय, ते विचारलाय." सगळी आळी दाराशी जमून ऐके.

आम्हांला हसू येई, पण जिवाला घोरही लागे. ते उतरायचे नाहीत, ही चढायची नाही. या वयात दोघं दोन चुली मांडून बसली, तर एखाद्या दिवशी एकमेकांचं तोंडही न बघता जातील, अशी मला धास्तीच वाटे.

आणि एक दिवस मोळीवालीने मोळी टाकली, पण कमरेवर हात ठेवले नाहीत. "आज म्हातारा कायच बोलला नाय. हाक दिली, तरी नाय."

काकूच्या हातातला डाव गळाला. "भांडले नाहीत? अरे देवा! ऊठ रे, छकडा बोलाव."

त्या चढणीवर काकू माझ्यापुढे होती. झोपडीत डोकावतो तो काय! काका धडधाकट. कोपरापर्यंत चिखल, शेजारी मोडलेल्या चुलींचा ढीग, आणि समोर नवी ओली चूल, भिंतीपासून चांगली दूर. उजवा हात उपरण्याने पाठीशी करकचून बांधलेला, आणि डाव्या हाताने काका रिकाम्या भांड्यात डाव फिरवत होते. फिरवायचे, कोपर कुठे लागतंय का बघायचे, पुन्हा फिरवायचे. हाक कसली ऐकू येते!

काकू दारातूनच चुलीकडे वाकली. मग पदराने नाक पुसून म्हणाली, "इतकी बुटकी चूल? कंबर मोडेल माझी."

काका दचकले. "तुला काय कळतं गं चुलीतलं!"

झालं, जुंपली! मी एकटाच डोंगर उतरलो. सुटल्यासारखं वाटलं, पण दुसऱ्या दिवशी सकाळी आळीत सगळ्यांच्या आंघोळी खोळंबल्या.

काका गेले, मागोमाग काकूही गेली, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. मोळीवाली थकली, पण अजून येते. मला मेल्याला सवय सुटत नाही. तिने मोळी उतरवली की मी विचारतो, "काय गं, आज कशावरून जुंपली?"

ती कमरेवर हात ठेवते, डोंगराकडे बघते, आणि म्हणते, "मिठावरनं, दादा."